कऱ्हाकाठाने सायकल: सासवड, जेजुरी, भुलेश्वर, मोरगाव फेऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा भाग नेमका कुठला? आणि सायकलसाठी इथेच का यायचं?

पुण्याच्या आग्नेयेला दिवे घाट चढून वर आलं की पुरंदर तालुका लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सासवड साडेसातशेच्या आसपास. घाट संपला की सपाट पठार लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची रांग, उत्तरेला भुलेश्वराची रांग आणि मधून कऱ्हा नदी. दोन्ही रांगांवरून उतरणारे ओढे रस्त्याला आडवे येतात. त्यामुळे थोडं उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा थोडं चढायचं, असं दिवसभर चालू राहतं. एकही चढ जीवघेणा नाही, पण संध्याकाळी सगळ्यांची बेरीज पायांना चांगली कळते.

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे घाट देखणे आहेतच. पण तिथे इतक्या थोड्या अंतरात इतका इतिहास सापडत नाही. इथे यादवकालीन देवळं, आदिलशाहीतला किल्ला, शिवकालातली रणभूमी, पेशव्यांच्या सरदारांचे वाडे आणि होळकरांनी बांधलेले तलाव, सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. मला विचाराल तर पुण्याच्या आसपास रोड सायकलसाठी यापेक्षा चांगला मुलूख नाही.

आमचा एक आग्रह आहे. फेरा ठरवताना कऱ्हा धरून ठरवा. ही नदी गराड्याच्या बाजूने येते, सासवडला चांबळी तिला मिळते, मग जेजुरीजवळचं नाझरे धरण, पांडेश्वर, मोरगाव आणि बारामती करत ती नीरेला जाऊन मिळते. या भागातली बरीचशी जुनी देवळं तिच्याच काठावर आहेत. नदीच्या कडेकडेने गेलं की ती ओळीने भेटत जातात आणि चढउतारांचा हिशोबही आपोआप समजतो.

पुण्याहून वर कुठून यायचं, दिवे घाट की बोपदेव?

दिवे घाटाचा चढ लांब पण समंजस आहे. चारेक किलोमीटर एका लयीत चढता येतं. खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसत राहतो आणि वरच्या बाजूला विठ्ठलाची उंच मूर्ती उभी आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने सासवडला येते. अडचण रहदारीची आहे. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम सुरू झाल्यापासून डंपर आणि रस्त्यावर सांडलेली खडी यांचाही त्रास आहे. निघण्याआधी आठवडाभरात तिकडे जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारून घ्या.

कोंढवा-येवलेवाडीकडून येणारा बोपदेव घाट तुलनेने छोटा, पण खडा आहे. काही वळणांवर सीटवरून उठून पॅडल मारावं लागतं. पुण्यातले सायकलवाले सरावाला इथेच येतात, त्यामुळे रविवारी सकाळी सोबत आपोआप मिळते. उतरताना मात्र जपा. पुण्याच्या बाजूची वळणं अचानक आवळत जातात आणि समोरून येणारे दुचाकीवाले वळण कापतात. नवख्यांनी बोपदेवने चढावं आणि घाईगर्दीच्या वेळा टाळून दिवे घाटाने उतरावं, हे मला बरं वाटतं.

दोन्ही घाट नको असतील तर गाडीत सायकल घालून सासवडपर्यंत या आणि तिथून सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. पाहण्यासारखं जे आहे ते सगळं घाटाच्या वरच आहे.

किती किलोमीटरचे फेरे होतात?

आकडे ढोबळ आहेत, पाच-सात किलोमीटर इकडेतिकडे धरा. सासवड, नारायणपूर आणि परत असा छोटा फेरा वीस-बावीस किलोमीटरचा होतो. नुकती सायकल घेतलेल्यांनी इथून सुरुवात करावी. सासवडहून जेजुरी सतरा-अठरा किलोमीटर आहे आणि पुढे मोरगाव जवळपास तेवढंच. म्हणजे सासवड ते मोरगाव जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर होतात. त्यात लोणी भापकर जोडलं तर शंभरी गाठते. सासवडहून वाघापूर, माळशिरस करत भुलेश्वर साधारण तीस किलोमीटरवर आहे.

मोरगावच्या फेऱ्यात एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. कऱ्हा उतरत जाते, तिच्याबरोबर आपणही उतरत जातो. जाताना वेग छान लागतो आणि आपण फार तयारीत आहोत असं वाटू लागतं. परत येताना तोच रस्ता सासवडपर्यंत चढत असतो, ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि बहुधा वाराही समोरून असतो. जाताना ताकद राखून ठेवा.

सासवडमध्ये काय पाहायचं? आम्ही तर तिथे फक्त मिसळ खायला थांबतो.

मिसळ खाऊन झाली की गावातून खाली नदीवर जा. कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. दगडी घाट, रुंद पायऱ्या, दीपमाळ, नंदी आणि वर मूर्तींनी भरलेलं पेशवेकालीन धाटणीचं शिखर. सकाळी आठच्या आत गेलात तर पायऱ्यांवर तुम्ही आणि कपडे धुणाऱ्या दोन-चार बायका, एवढीच माणसं असतात. जवळच चांगवटेश्वर आहे. तिथला नंदी आणि मंडपाचे कोरीव खांब पाहायला वेळ काढा.

संत सोपानकाकांची समाधी इथलीच. ज्ञानदेवांच्या या धाकट्या भावाची पालखीही सासवडहूनच पंढरीला निघते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले, त्यांची समाधीही इथे आहे. सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्याचा दरवाजा पाहिला की शनिवारवाड्याची आठवण येते. आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोडीतही इथून जवळच आहे. १८९८ चा त्यांचा जन्म.

इतकं सगळं असलेल्या गावातून माणसं हेल्मेटही न काढता पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सासवडला निदान एक तास द्या.

मल्हारगडावर सायकल जाते का?

माथ्यापर्यंत नाही. सोनोरी किंवा झेंडेवाडीच्या बाजूने पायथ्याशी जाता येतं, पुढे चालायचं. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे सरदारांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास हा किल्ला बांधला. महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. किल्ला लहान आहे, तासाभरात बघून होतो. सोनोरी गावात पानशांचा वाडाही आहे.

पुरंदर किल्ला सायकलने चढता येतो का?

येतो, आणि या सगळ्या भागातला तोच खरा कस पाहणारा चढ आहे. नारायणपूरच्या पुढे घाट सुरू होतो आणि डांबरी रस्ता थेट माचीपर्यंत जातो. सुरुवातीला गिअर वाचवण्याचा मोह होतो. तो टाळा आणि पहिल्या वळणापासूनच हलक्या गिअरवर बसा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र लागतं, प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, फोटोंवर निर्बंध आहेत आणि बालेकिल्ल्याकडे सरसकट सोडतीलच असं नाही. दारावरचे जवान सांगतील तसं वागा, हुज्जत घालू नका.

वर पोहोचल्यावर मुरारबाजी देशपांड्यांच्या पुतळ्यापाशी थांबा. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा दिला. शेजारचा वज्रगड आधी पडला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागता येऊ लागल्या. मुरारबाजी निवडक मावळे घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. पुढे ११ जून १६६५ रोजी तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा महाराजांकडे राहिले. माचीवर उभं राहून वज्रगड किती जवळ आहे ते डोळ्यांनी पाहिलं, की तो पडल्यावर पुरंदरची काय कोंडी झाली असेल ते कळतं.

याच किल्ल्यावर १४ मे १६५७ रोजी संभाजी महाराजांचा जन्म झाला. सवाई माधवरावही १७७४ मध्ये इथेच जन्मले.

खाली नारायणपूरला एकमुखी दत्ताच्या देवळात गर्दी असते. त्याच गावातलं जुनं नारायणेश्वराचं देऊळ यादवकालीन आहे. तेही बघून घ्या.

सासवड ते जेजुरीच्या रस्त्यात थांबण्यासारखं काही आहे का?

वास्तू म्हणाल तर फार काही नाही, पण खळद-बेलसरचा हा टापू नजरेखालून घाला. १६४८ मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखान स्वराज्यावर चालून आला तेव्हा त्याची छावणी बेलसरला होती. शिवाजी महाराजांचं पहिलं मोठं युद्ध याच परिसरात आणि पुरंदरच्या उतारांवर झालं. आज तिथे वाटाण्याची आणि कांद्याची शेतं आहेत.

जेजुरीला सायकलचे बूट घालून पायऱ्या चढता येतील का?

मुळीच नको. दगडी पायऱ्या वर्षानुवर्षांच्या पावलांनी आणि भंडाऱ्याने गुळगुळीत झाल्या आहेत. क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारी खाच असलेले) बूट घालून चढलात तर घोटा दुखावून परत याल. मागच्या खिशात मावतील अशा पातळ चपला ठेवा, किंवा बूट पायथ्याच्या दुकानात ठेवून अनवाणी जा. पायऱ्या पावणेचारशेच्या वर आहेत. सायकलवरून उतरल्या उतरल्या पोटऱ्या भरून येतात, म्हणून दहा मिनिटं बसून मग चढा.

गडावर भंडारा उधळला जात असतो. तो चेनमध्ये गेला तर फार बिघडत नाही. पांढऱ्या जर्सीवरचा डाग मात्र कायमचा. खाली उतरल्यावर होळकर तलाव आणि पेशवे तलाव बघा. सायकलवरून येणाऱ्याला या तलावांचं महत्त्व लवकर पटतं, कारण कोरड्या मुलखातून आल्यावर एवढं बांधीव पाणी दिसलं की बांधणाऱ्यांची दृष्टी समजते.

सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. त्या दिवशी जेजुरीत सायकल हाताने ढकलायलाही जागा नसते. दर्शनाला जरूर या, पण सायकल घरी ठेवून.

भुलेश्वरला एवढं काय आहे? बाहेरून तर साधंच दिसतं.

बाहेरून घुमट आणि भिंती दिसतात, आत काय असेल याची पुसटशीही कल्पना येत नाही. टेकडीवर आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने सतराव्या शतकात बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे बुरूज उरले आहेत आणि त्यांच्या पोटात हे यादवकालीन शिवमंदिर आहे. आत शिरलं की उन्हातून आलेल्या डोळ्यांना दोन मिनिटं काहीच दिसत नाही. तिथेच उभे राहा, घाई करू नका. हळूहळू अंधारातून नंदी दिसू लागतो, मग खांब, मग मंडपाच्या भिंतीवरचे रामायण-महाभारतातले शिल्पपट्ट.

प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलात की दोन्ही बाजूंना सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या अप्सरा, आहेत. कित्येकींचे चेहरे फोडलेले आहेत. पण कमरेचा बाक, हातातला आरसा, दागिन्यांची एकेक कडी अजून शाबूत आहे. मान वर करून शोधा, स्त्रीरूपातला गणपती दिसेल. त्याला वैनायकी म्हणतात आणि अशी मूर्ती फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. सायकलचा पुढचा दिवा काढून आत न्या. आधी पुजाऱ्यांना विचारा, प्रकाश गाभाऱ्याकडे टाकू नका, आणि भिंतीवर तो समोरून न टाकता बाजूने तिरका टाका. तिरक्या उजेडात दगडावरची प्रत्येक रेघ उठून दिसते.

इथे येणारे दोन्ही रस्ते शेवटी चढतात. माळशिरसकडून चढ सौम्य आहे. सोलापूर रस्त्यावरच्या यवतकडून आलात तर घाट लागतो. आजूबाजूची गवताळ माळरानं पक्षिप्रेमींना परिचित आहेत. हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी इथे मुक्कामाला येतात आणि या माळांवर लांडगेही आहेत. म्हणून पहाटे अंधारात या रस्त्याला एकट्याने येऊ नका आणि उरलेलं खाणं माळावर टाकू नका.

जेजुरीच्या पुढे कऱ्हेकाठी कुठे कुठे थांबायचं?

पांडेश्वरला नक्की थांबा. जेजुरी-मोरगाव रस्त्यापासून थोडं आत, अगदी नदीच्या काठावर हे गाव आहे. इथल्या देवळाच्या बांधकामात दगडाबरोबर विटांचा वापर आहे, जो आपल्याकडच्या जुन्या देवळांत सहसा दिसत नाही. गर्दी नसते.

मोरगावचा मयूरेश्वर अष्टविनायकांतला पहिला. उंच तटबंदी आणि कोपऱ्यांवर मिनार. देवळासमोर चक्क नंदी बसलेला आहे, गणपतीपुढे नंदी ही गोष्ट वेगळीच. चतुर्थीला आणि रविवारी दुपारी इथे गाड्यांची रांग लागते.

खरा ठेवा मात्र पुढे बारा-पंधरा किलोमीटरवर, लोणी भापकरला. मल्लिकार्जुनाच्या देवळासमोर चौकोनी पुष्करणी आहे. उतरत्या पायऱ्या, भिंतीत देवकोष्ठांची (मूर्तींसाठीच्या कोनाड्यांची) रांग आणि काठावर कोरीव खांबांचा मंडप. शेजारी यज्ञवराहाची, म्हणजे विष्णूच्या वराहरूपाची, मूर्ती आहे, अंगावरच्या झुलीवर विष्णूच्या इवल्या इवल्या प्रतिमा कोरलेल्या. गुडघ्यावर बसून जवळून बघा, लांबून ती नुसती खडबडीत नक्षी वाटते. या देवळासाठी शंभर किलोमीटर सायकल चालवावी लागली तरी ती चालवावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हातात वेळ असेल तर मोरगावहून सुप्याकडे वळा. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा. जवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा दिसतात.

सायकल कोणती हवी? गिअर किती?

रोड सायकल उत्तम, हायब्रीडही चालते. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात) सगळ्यात मोठी चकती निदान ३२ दातांची असली की पुरंदरचा घाट सोडून सगळं आरामात होतं. घाटासाठी मागे ३४ असेल तर गुडघे दुवा देतील. टायर २८ मिलिमीटरचे घ्या. २३ किंवा २५ चे टायर मुख्य रस्त्यावर ठीक आहेत, पण पांडेश्वर किंवा लोणी भापकरकडे आतल्या रस्त्यांना डांबर उखडलेलं असतं. हवाही ठासून भरू नका. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय पुरते.

पंक्चर किती होतात?

बाभळीमुळे होतात. शेताच्या कुंपणाच्या काट्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. सायकल टेकवताना ती उचलून कडेला न्या, ढकलत नेऊ नका. दोन ट्यूब, लिव्हर, पंप आणि पॅच किट जवळ ठेवा. गावातले पंक्चरवाले मनापासून मदत करतात, पण प्रेस्टा व्हॉल्व्हची (रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची) ट्यूब किंवा त्याचा अडॅप्टर त्यांच्याकडे नसतो.

कोणते महिने चांगले?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पहाटे थंडी कडक असते, हातमोजे लागतात आणि दहा वाजता तेच काढून खिशात घालावे लागतात. पावसाळ्यात सासवड-नारायणपूर हिरवंगार होतं. पूर्वेकडे मोरगावच्या बाजूला पाऊस कमी, त्यामुळे तिकडे रस्ते बरेच कोरडे मिळतात. मात्र या काळात पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि परतीचा रस्ता वायव्येला. म्हणजे चढ आणि वारा दोन्ही अंगावर. मार्चनंतर सकाळी दहाच्या आत सायकल सावलीत लागली पाहिजे. या मुलखात झाडं विरळ आहेत.

आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे हा रस्ता वारकऱ्यांचा. तेव्हा दुसरीकडे जा, किंवा पायी वारीत चला.

खाण्यापिण्याचं काय?

सासवड, जेजुरी, मोरगावला सगळं मिळतं. वाघापूर ते भुलेश्वर आणि मोरगाव ते लोणी भापकर या पट्ट्यांत दोन बाटल्या भरलेल्या हव्यात, त्यांतल्या एकीत मीठ-साखर-लिंबू. मोसमात पुरंदरचं अंजीर घ्या, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. चार अंजिरं आणि पाणी एवढ्यावर पुढचा तास छान निघतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि दिवाळीच्या आसपास सासवडच्या बाजारात सीताफळं येतात. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून घ्या आणि भाव करू नका.

रहदारीचा धोका कितपत?

सासवड-जेजुरी मुख्य रस्ता शनिवार-रविवारी अकरानंतर वाहता असतो. तिथून सकाळीच पार व्हा. हिवाळ्यात मोरगावच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, मागची ट्रॉली आपल्या मर्जीने डोलते आणि बाहेर आलेली उसाची टोकं खांद्याच्या उंचीवर येतात. ओव्हरटेक करताना दोन हात जास्त जागा सोडा, चढावर तिच्या मागे राहू नका. गावांतले गतिरोधक रंगवलेले असतीलच असं नाही, उतारावर शाळा दिसली की ब्रेकवर बोटं आणा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

देवळात जाताना सायकल कुठे ठेवायची? सायकलच्या कपड्यांत आत सोडतात का?

मोठ्या देवस्थानांपाशी हार-फुलांच्या दुकानात विचारलं की ठेवू देतात, परतताना काहीतरी विकत घ्या. लहान गावात पारावर बसलेल्या आजोबांना सांगून जा, कुलपापेक्षा ती सोय पक्की. कपड्यांवरून सहसा कुणी अडवत नाही, पण तंग शॉर्टवर पातळ पँट किंवा लुंगी गुंडाळावी. ती गावांची जागती देवळं आहेत, तिथल्या माणसांना अवघडल्यासारखं होऊ नये. शिल्पांना हात लावू नका. सायकल कोरीव दगडाला टेकवून फोटो काढण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

परत यायला त्राण उरलं नाही तर?

जेजुरी पुणे-मिरज लोहमार्गावर आहे, पण गाड्या मोजक्या आहेत आणि सायकल नेण्याची सोय स्टेशनवर आधी विचारावी लागते. त्यापेक्षा मोरगाव किंवा जेजुरीच्या चौकात पिकअप टेम्पो विचारा. माल उतरवून रिकामे पुण्याकडे जाणारे बरेच असतात. भाडं आधी ठरवा, सायकल ताडपत्रीवर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी आडवी ठेवा आणि दोरी फ्रेमला बांधा, चाकाला नको.